दहा बाय बाराच्या खोलीतला साउंड

कोल्हापुरात कुणाला सांगून बघा, "घरी जरा चांगला साउंड बसवायचाय." पहिला प्रश्न हमखास येतो, "डॉल्बी लावणार काय?" मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली बॉक्सची भिंत, तिला आपल्याकडं डॉल्बी म्हणतात. मुळात हे एका अमेरिकन इंजिनिअरचं आडनाव. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर घालवायला. ज्यानं आवाजातला कचरा काढला त्याच्याच नावानं आपण खिडक्यांच्या काचा हलवतो. असो.

हा लेख दुसऱ्या साउंडबद्दल आहे, दार लोटून, खुर्चीत बसून ऐकायच्या. या छंदात नवीन माणूस शिरला की आठवड्याभरात त्याच्यापुढं जुनी भांडणं येऊन उभी राहतात. केबल बदलली की फरक पडतो का? ट्यूबचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा) अँप की ट्रान्झिस्टरचा? तबकडी की सीडी, आणि सीडी पुरते की 'हाय-रेझ', म्हणजे सीडीहून बारीक नोंद केलेलं डिजिटल, पाहिजे? पंधराएक वर्षांत मी या भांडणांत दोन्ही बाजूंनी भांडलोय आणि त्यापायी घालवलेल्या पैशात एक चांगली म्हैस आली असती. खाली दिलेला क्रम म्हणजे माझाच क्रम उलटा केलेला आहे. मी जे शेवटी केलं, ते तुम्ही आधी करा.

पायरी पहिली: आधी कान, खिसा नंतर

पहिले पंधरा दिवस काहीही विकत घेऊ नका. माइकशिवायचा खरा आवाज कसा असतो ते ऐका. आपल्या गावात हे सोपं आहे. गायन समाज देवल क्लब १८८३ पासून इथं उभा आहे, गावात गाणं शिकवणाऱ्यांची घरं आहेत. मैफलीत आता माइक असतोच, म्हणून मैफलीपेक्षा एखाद्याचा रियाज ऐकायला मिळाला तर उत्तम. तेही जमलं नाही तर मिरजेला जा, पन्नासएक किलोमीटरवर. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर जवारी लावत असताना शेजारी बसा.

तंबोराच का? कारण एकच तार छेडली तरी तिच्यातून खालपासून वरपर्यंत स्वरांची आख्खी उतरंड बाहेर पडते. घोडीवर तार घासून जो झणकार उठतो, तो जवारीचा. तो फार बारीक असतो आणि कान त्याला लगेच ओळखतो. हलक्या स्पीकरवर जवारीचा डास होतो, नाहीतर ती रजईत गुंडाळल्यासारखी वाटते. मोबाईलवरच्या तंबोऱ्याचं ॲप यासाठी चालत नाही, खरा तंबोरा पाहिजे. कुणाच्या तरी चांगल्या ध्वनिमुद्रणातला अर्धा मिनिट नुसता तंबोरा निवडून ठेवा, पुढं दुकानात तोच कामाला येणार आहे. सोबत टाळ-झांज असलेलं एखादं भजनही घ्या. त्याचं काम नंतर सांगतो.

आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी स्पीकर खरेदीला जाऊ नका. मिरवणुकीनंतर कान काही तास, कधी दिवसभर बधिर असतात. त्या कानांना जास्त ट्रेबलवाला बॉक्सच 'क्लिअर' वाटतो. आमच्यातल्या एकानं असा जोड आणला आणि पितृपक्ष संपायच्या आत विकला.

पायरी दुसरी: खोली

हा भाग लांबणार आहे. ऑडिओवाले सगळ्यात कमी ज्याबद्दल भांडतात आणि ज्यानं सगळ्यात जास्त फरक पडतो ती गोष्ट म्हणजे खोली.

आपल्याकडं साधारण खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लाटेची अर्धी लांबी बरोब्बर मावते, ती लाट तिथं घुमत राहते. ३४३ भागिले ३.०५ च्या दुप्पट, म्हणजे ५६ हर्ट्झ, सेकंदाला ५६ कंपनं. बारा फुटांचा हिशेब ४७ हर्ट्झ येतो. आता गंमत बघा: रुंदीही दहा आणि उंचीही दहा, म्हणजे ५६ हर्ट्झ दोनदा घुमतो. डग्ग्याचा घुमारा आणि पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातला खर्ज याच शेजारात राहतात. काळी एकच्या गायकाचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास पडतो. मग काही थापा फुगतात, काही गायब होतात, आणि मालक म्हणतो, "अँपमध्ये बेस कंट्रोल न्हाई." अँप बिचारा निर्दोष असतो.

करायचं काय? खुर्ची भिंतीला टेकवू नका, तिथं बेस फुगतो. खोलीच्या बरोब्बर मध्येही बसू नका, तिथं काही सूर पोकळ होतात. मागच्या भिंतीपासून तीन-चार फूट पुढं बसा आणि तिथून अर्धा-अर्धा फूट पुढं-मागं सरकत ऐका. फरक आबांच्या केबलपेक्षा मोठा असेल. (आबा पुढं येणार आहेत.)

मग टाळी वाजवा. फरशी मोझाइकची, भिंती उघड्या, तर टाळीमागून 'टर्रर्र' असा नाद येतो. तो घालवायला परदेशी फोमच्या पट्ट्या लागत नाहीत. स्पीकरच्या पुढं जमिनीवर सतरंजी किंवा जाड गोधडी टाका, बाजूच्या भिंतीवर जिथून आवाज आपटून तुमच्याकडं येतो तिथं धनगरी घोंगडं लावा. जागा शोधायची युक्ती जुनीच आहे: कुणालातरी भिंतीला आरसा लावून सरकवत न्यायला सांगा, खुर्चीतून स्पीकर आरशात दिसला की तीच जागा. घोंगडं भिंतीपासून तीन-चार इंच पुढं टांगलं तर जास्त चांगलं. पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट मागच्या भिंतीला हवंच. घोंगड्यानं बेस मात्र सुधारत नाही. ५६ हर्ट्झची लाट वीस फूट लांब असते, तिला घोंगड्याचं काय? अंड्यांच्या ट्रेही लावू नका, त्यानं फक्त पाली वाढतात.

आणखी एक काम, फुकटातलं. मोबाईलवरून ३० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर सिस्टिमवर लावा आणि खोलीभर हिंडा. लोखंडी कपाटाचं दार कुठल्या सुराला थरथरतं, शोकेसची काच कुठं किणकिणते, ते हात लावून शोधा. माझ्याकडं वर्षभर 'ट्विटर फाटलाय' (बॉक्समधला वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) असं वाटत होतं. शेवटी सापडला तो देव्हाऱ्यावरचा घंटीचा लोलक.

पायरी तिसरी: स्पीकर

एकूण पैशातले निम्मे तरी स्पीकरवर घाला. दोनच घ्या. पाच बॉक्स आणि एक वूफर त्याच किमतीत मिळतो, त्याचा अर्थ प्रत्येक बॉक्सवर किती खर्च झाला असेल याचा हिशेब तुम्हीच करा. खोक्यावर हजारांत पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद) छापलेला दिसला तर पुढच्या दुकानात जा, तो आकडा आवाजाचा नसून हौसेचा असतो. बघायचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी: एका वॉटला एक मीटरवर किती डेसिबल. ८७ च्या आसपासचा स्पीकर असेल तर अशा खोलीत ४०-५० वॉटचा अँप पुरून उरतो. पन्नासचे शंभर वॉट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल.

दुकानात जाताना तो तंबोरा आणि ते भजन पेनड्राइव्हवर न्या. दुकानदाराला नम्रपणे सांगा, "दादा, लाउडनेस आणि बेस बूस्ट बंद करा." ते तुम्हाला दाखवायला ढणाढणा गाणं लावतील. दोन जोड ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा आहे ना ते बघा, कारण जरासा मोठा वाजणारा स्पीकर मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. या छंदातली निम्मी भांडणं या एका वाक्यात मिटतात.

घरी आल्यावर दोन स्पीकर आणि तुम्ही असा सारख्या बाजूंचा त्रिकोण करा. ट्विटर कानाच्या उंचीला ठेवा. शोकेसच्या माथ्यावर नकोत आणि कोपऱ्यात कोंबलेले तर मुळीच नकोत. घरात जागेवरून वाद होईल, तो ऑडिओचा वाद नाही, तुमचा तुम्ही निस्तरा.

पायरी चौथी: भांडणं, एकेक करून

केबलपासून सुरू करू. राजारामपुरीतल्या एका घरी दर रविवारी आम्ही सात-आठ जण जमायचो. आबा आमच्यात वडीलधारे, बँकेतून निवृत्त झालेले, कान तयार, गाणं चाळीस वर्षं ऐकलेलं. त्यांनी मुंबईहून बावीस हजारांची स्पीकर केबल आणली. इंजिनिअरिंगला असलेला एक पोरगा म्हणाला, "मी मागं जाऊन बदलतो, तुम्ही सांगा." रॅकमागं घोंगडं टांगलेलं, तो दिसत नव्हता. आधी साधी वायर ऐकली, मग तो पुन्हा आत गेला, बाहेर आला, तेच गाणं लावलं. खोलीत कौतुक सुरू झालं. बेस घट्ट झाला. स्टेज, म्हणजे गवई-साजिंदे बसल्यासारखे वाटतात ती समोरची जागा, रुंद झाला. मी स्वतः म्हणालो की तंबोऱ्याच्या तारा सुट्या झाल्या.

आबांनी विचारलं, "पोरा, आत नेमकं काय केलंस?"

"काय न्हाई आबा, मोबाईल बघत बसलो हुतो."

दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग सगळे मिसळीला गेलो.

यात हसण्यासारखं काही नाही. आम्ही खोटं बोललो नव्हतो, फरक खरोखर ऐकू आला होता. कान आणि डोकं एकत्र ऐकतात आणि डोक्याला किंमत माहीत असते. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ साली हेच स्पीकरांवर दाखवलं. त्याच श्रोत्यांनी तेच स्पीकर दिसत असताना आणि पडद्याआड असताना ऐकले आणि गुण बदलले. अनुभवी श्रोतेही त्यातून सुटले नाहीत.

केबलचा हिशेब मात्र साधा आहे. इलेक्ट्रिशियन वापरतो ती अडीच एमएमची तांब्याची वायर घ्या. पाच मीटर जाऊन-येऊन तिचा रोध होतो जेमतेम ०.०७ ओहम, समोर स्पीकर आठ ओहमचा. यात ऐकू येण्याजोगं काही उरत नाही. सांधे घट्ट करा, प्लस-मायनस दोन्ही बॉक्सना एकसारखे जोडा. एका बाजूचा उलटा लागला तर बेस खरंच गायब होतो, आणि ती चूक मी मी म्हणणाऱ्यांच्या घरी सापडते.

अँपचं भांडण जरा वेगळं आहे, तिथं ट्यूबवाल्यांचं थोडं खरं आहे. बऱ्याच ट्यूब अँपचा आउटपुट रोध जास्त असतो, त्यामुळं स्पीकरचा रोध जिथं चढतो-उतरतो तिथं आवाजही चढतो-उतरतो. शिवाय ट्यूब मूळ सुरात त्याच्या दुपटीचा सूर किंचित मिसळते, तो कानाला गोड लागतो. म्हणजे फरक आहे, फक्त तो 'जास्त अचूक' नाही, चवीचा आहे. तांबडा रस्सा आवडतो म्हणून पांढरा चुकीचा ठरत नाही. दोन बरे ट्रान्झिस्टर अँप ताकदीच्या मर्यादेत सारख्या आवाजाला वाजवले तर ओळखणं फार अवघड जातं. त्यात पैसे शेवटी घाला.

हाय-रेझबद्दल थोडक्यात. सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने घेते, म्हणजे २२,००० हर्ट्झच्याही जरा वरपर्यंतचा आवाज त्यात मावतो, आणि चाळिशीनंतर आपल्याला त्यातला वरचा मजला ऐकूच येत नाही. अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी २००७ साली हाय-रेझ आणि सीडीच्या दर्जाला उतरवलेला तोच आवाज अशी तुलना करवली: ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे छापा-काटाच. पुढं २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ राइस यांनी अठरा प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली, सराव दिलेल्या श्रोत्यांत त्याहून जास्त. दोन्ही बाजू हेच दोन आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकतात. मी यातून एवढंच घेतो की फरक असलाच तर केसाएवढा आहे. खऱ्या फरकासाठी ते टाळ-झांजेचं भजन काढा. हलक्या एमपीथ्रीत, १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिट), टाळाचा ठोका पडायच्या आधी बारीक फुसकारा येतो आणि ठोक्याची धार जाते. एकदा ऐकला की कायमचा कळतो. ३२० ला तो बहुतेकांना सापडत नाही.

तबकड्यांच्या भांडणावर मी तटस्थ नाही. मला तबकड्या आवडतात. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायले आणि त्यांचा आवाज कुठल्याच तबकडीवर उरला नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून थेट अंतराळात गेली. सोबत सुईही दिली आहे. या दोन टोकांमधल्या गावात राहून तबकडीचं प्रेम नसणं मला जमत नाही. पण ती सीडीपेक्षा अचूक आहे असं मी म्हणणार नाही. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या तबकड्या लोक वर्षानुवर्षं शुद्ध ॲनालॉग समजून डोक्यावर घेत होते. जुलै २०२२ मध्ये उघड झालं की त्यांतल्या बऱ्याच तबकड्या कापताना मध्ये डिजिटल पायरी होती. डिजिटल म्हटलं की कान झाकणाऱ्यांना इतकी वर्षं ते ऐकू आलं नव्हतं.

आजोबांच्या तबकड्या माळ्यावरून काढणार असाल तर एक सांगतो. जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीची खाच एलपीच्या खाचेच्या दोन-तीन पट रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर वाचते. ७८ साठी वेगळी, जाड टोकाची सुई लागते, आणि टर्नटेबलला ७८ चा वेग आहे का ते घेण्याआधी विचारा, नव्या पुष्कळ यंत्रांना नसतो.

'बर्न-इन'वर, म्हणजे नवी वस्तू वाजवून वाजवून मुरवण्यावर, दोन ओळी पुरेत. नवा स्पीकर सुरुवातीला किंचित मोकळा होतो, हे खरं. केबल दोनशे तास वाजवल्यावर 'उघडते' असं कुणी सांगितलं तर वस्तू परत घ्यायची मुदत किती दिवसांची आहे ते विचारा.

पायरी पाचवी: स्वतः तपासा

वाद घालण्यापेक्षा ही तपासणी करा, एक दुपार लागते. १०० हर्ट्झचा सूर लावा, साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. टोकं एकमेकांना लागू देऊ नका. दुसरा अँप जोडून व्होल्टेज पहिल्याच्या एक टक्क्याच्या आत आणा. म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आसपास राहतो. मग कुणीतरी नाणं उडवून आधीच सोळा वेळांची यादी करून ठेवावी आणि त्याप्रमाणं मागं बदल करावा. बदलणाऱ्यानं खोकायचं नाही, हसायचं नाही, खरं तर दिसायचंच नाही. दरवेळी कागदावर 'अ' किंवा 'ब' लिहा. सोळापैकी बारा बरोबर आले तर नुसत्या अंदाजानं तसं होण्याची शक्यता शंभरात चारच, तेव्हा तुम्हाला फरक ऐकू येतो असं मानायला हरकत नाही. नऊ आल्यावर "अजून चार घेऊ" म्हणायचं नाही.

केबलच्या त्या प्रसंगानंतर पुढच्याच रविवारी आबांनी स्वतःहून केबलची ही तपासणी मागितली. सात बरोबर आले. कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "केबल राहू दे. दिसायला झकास आहे." मला तेव्हाही ते बरोबर वाटलं होतं.

पायरी सहावी: रात्र, वीज आणि आपला पाऊस

रहिवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि शेजारी त्याहून कडक असतात. हळू आवाजात बेस पातळ लागतो, तो कानाचा स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलाय. शुद्धतावादी टोन कंट्रोलला हात लावत नाहीत. तुम्ही रात्री खुशाल बेसचं बटण फिरवा, ते त्यासाठीच दिलंय.

सिस्टिममधून 'हूंऽऽ' येत असेल तर एकेक वायर काढत जा. बहुतेक वेळा चोर केबल टीव्हीच्या वायरीत सापडतो. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या, टर्नटेबलची वेगळी अर्थिंगची वायर अँपच्या स्क्रूला लावा. हूं घालवायला प्लगची तिसरी पिन मोडू नका, कुणी कितीही अनुभवी माणसानं सांगितलं तरी. जुन्या घरात अर्थिंगच नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, अँप नंतर.

वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लग उपटा, टीव्हीची वायरही. जुलै-ऑगस्टमध्ये सिस्टिम रोज तासभर तरी चालू ठेवा, आतली ऊब ओल धरू देत नाही. तबकड्या उभ्या ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि बुरशी आली तर एलपी पाण्यानं हलकेच पुसा. ७८ च्या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या. त्यांना स्पिरिट लावायचं नाही, लाख विरघळते. माझ्या आजोबांची एक तबकडी मी अशीच चकाचक करायला घेतली होती. आता ती भिंतीवर आहे, घोंगड्याशेजारी.